काजळीनं न ओळखलेला आवाज

गणपतराव गेल्यापासून काजळीनं दूध चोरायला सुरुवात केली. कास भरलेली, रेडकू ढुशा मारून दमलेलं, पण अंबूबाई चरवी घेऊन खाली बसली की म्हैस अशी उभी राहायची, जणू दुधाशी तिचा काही संबंधच नाही. सरकी पेंड वाढवून झाली. डॉक्टर सुई टोचून गेला. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेजारची चिमणाबाई रोज कुंपणाला टेकून नवा उपाय सांगायची आणि कालचा का फसला त्याचं कारणही.

"म्हशीनं बी सुतक धरलंय बघ," ती म्हणाली. "तुझं फिटलं, तिचं फिटंना झालंय."

अंबूबाईनं रिकामी चरवी उपडी घातली. गडमुडशिंगीत माणसांचा हिशेब ठेवावा तर तिनंच. पैशाअडक्याचा नव्हे, तो आधी गणपतरावांनी बघितला आणि आता मुलगा अमरसिंह बघत होता. हिचा हिशेब वेगळा. मयताला कोण दारापर्यंत आलं, कोण स्मशानापर्यंत गेलं, कोण धाय मोकलून रडलं आणि रडता रडता कुणाची नजर फळीवरच्या भांड्यांवरून फिरली, हे सगळं तिच्या डोक्यात नीट मांडून ठेवलेलं होतं. चिमणाबाई त्या हिशेबात जिभेनं वाईट आणि हातानं चांगली होती. बारा दिवस तिच्याच घरातून भाकरी आल्या होत्या. म्हणून तिला बोलायची मुभा.

नवऱ्याच्या नावावर मात्र तिची एक जुनी तक्रार होती, आणि ती काही केल्या मिटत नव्हती.

गणपतराव कुस्तीचे निवेदक. कुठल्याही गावची जत्रा असो, मैदान ठरलं की पहिला निरोप पैलवानांना आणि दुसरा गणपतरावांना. फेटा बांधून, माइक हातात घेऊन ते आखाड्यात उतरले आणि हलगी थांबली की पाच हजार माणसं चिडीचूप व्हायची. पोराचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, त्याच्या आज्यानं कुठल्या मैदानात कुणाला अस्मान दाखवलं होतं, सगळं तोंडपाठ. बिद्रीच्या मैदानात त्यांनी असा आवाज चढवला होता म्हणे, की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्यात इंजिनं बंद करून ऐकलं.

घरी येताना मात्र हा माणूस आवाज मैदानातच ठेवून यायचा. हळद-मिठाच्या गुळण्या करायच्या, गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि गप्प बसायचं. बोलायचं ते खाकरून. दारात खाकरले म्हणजे 'आलो'. ताटावर खाकरले म्हणजे 'आमटी वाढ'. 'हां' म्हणाले म्हणजे बोलणं संपलं. उभ्या संसारात त्यांनी बायकोचं नाव घेतलं नाही. तिला हाक मारायची तरी खाकरूनच, फक्त दोनदा, आणि दुसरं खाकरणं अर्धं गिळलेलं.

"गावाला भरली घागर, आणि मला तळातला गाळ," ती म्हणायची.

"हां," गणपतराव म्हणायचे.

एका जीवाशी तेवढे ते बोलायचे, काजळीशी. संध्याकाळी धार काढताना बारीक, घोगऱ्या आवाजात काहीतरी चालायचं. भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात अंबूबाईला नुसती गुणगुण ऐकू यायची. शब्द एकही कळायचा नाही. "म्हशीला काय सांगता हो एवढं?" असं तिनं एकदा विचारलंही होतं.

"जे माइकवर सांगता येत न्हाई ते." त्या आठवड्यातलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

आता तोच आवाज तिच्या कानातून निसटायला लागला होता. मैदानातला आवाज विसरायची सोयच नव्हती, अर्ध्या गावाच्या मोबाइलमध्ये तो होता. पण खाकरणारा, गुणगुणणारा, 'हां' म्हणणारा आवाज रोज थोडा पुसट व्हायचा. जाग आली की ती पडल्या पडल्या तो आठवून बघायची. कालच्यापेक्षा आज कमी यायचा. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगून कुणाला काय कळणार होतं?

अशात एके दिवशी अमरसिंह एमआयडीसीतून कामावरून आला आणि हातपाय न धुताच आईसमोर बसला. म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"आई, आपला प्रसेनजीत हाय की, माझ्याबरोबर कॉलेजला हुता त्यो. गेम काढालाय."

"मोबाइलवरचा?"

"व्हय. पण कुस्तीचा. पैलवान, डाव, हलगी, समदं. आणि निवेदन आबांचं."

"आबा गेले की रं."

"आवाज हाय की! यूट्यूबवर ढीगभर मैदानं पडल्यात. ती मशिनला ऐकवायची, मशिन शिकतंय. मग आपण लिवू ते आबांच्या आवाजात बोलतंय. एआय म्हंत्यात त्याला."

अंबूबाई गालात हसली. गेमविषयी गणपतरावांचं मत तिला ठाऊक होतं, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. 'अंगाला माती लागत न्हाई, कान मोडत न्हाई, हारलं तर परत बटन दाबायचं. आरं, हारल्यावर घरापतूर चालत जायला लागतंय, ती खरी कुस्ती!' असं बोलायचे. आणि त्याच माणसानं नातीच्या मोबाइलवरच्या मोटारसायकलींच्या शर्यतीचं अर्धा तास निवेदन केलं होतं, तेही उभं राहून.

"पोरं घरात लोळून कुस्त्या खेळणार आणि तालमी ओस पडणार," ती म्हणाली.

"तालमी आधीच ओस पडल्यात, आई. गेममुळं निदान डावांची नावं तरी कळतील पोरांस्नी."

हे खोटं नव्हतं. अंबूबाईनं ते मनात नोंदवून ठेवलं.

"प्रसेनजीत म्हंतोय, काकू व्हय म्हटल्याबिगर वापरणार न्हाई. लोकांनी उचललाच असता, इचारतंय कोण?"

हेही तिनं नोंदवलं, आणि जरा मोठ्या अक्षरात. "मग आधी ऐकतो," ती म्हणाली. "ऐकल्यावर सांगतो."

एवढंच बोलली. पण आतल्या आत एक वेडी आशा उठून बसली होती. मशिन एवढं शिकलंय, तर खाकरणंही शिकलं असेल का?

प्रसेनजीतचं ऑफिस राजारामपुरीत एका बेकरीच्या माडीवर होतं. अंबूबाईनं सवयीनं चपला जिन्यातच काढल्या. ते बघून प्रसेनजीतनंही आपले बूट काढले आणि स्वतःच्याच ऑफिसात पायमोज्यांवर वावरला. पंख्याखाली तिला खुर्ची दिली, खालून नानकटाई मागवली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मोठा पडदा, पडद्यावर लाल मातीचा आखाडा आणि लंगोट कसून उभे दोन पैलवान.

प्रसेनजीतनं बटण दाबलं.

"ऐका, मंडळी ऐका! हलगी थांबवा, हलगी थांबवा!"

अंबूबाईचा हात आपसूक डोक्यावर गेला आणि पदर पुढं आला. तोच चढ, तोच 'मंडळी'वरचा ठसका. पडद्यावरचे पैलवान भिडले तसा आवाज तापत गेला. घिस्सा, एकलंगी असे डाव झाले, एकानं दुसऱ्याची पाठ मातीला लावली. जिन्यात पावलं वाजली. बेकरीतला भट्टीवाला पिठाच्या हातांनी दारात उभा होता.

"गणपतराव?" तो म्हणाला. मग पडद्याकडं बघून ओशाळला आणि खाली गेला.

अमरसिंहाचे डोळे भरून आले होते. अंबूबाई मात्र मान तिरकी करून ऐकत होती.

"ह्यो दम कुठं खातोय?" तिनं विचारलं.

"दम लागत न्हाई काकू त्याला," प्रसेनजीत म्हणाला.

"त्यांस्नी लागायचा. पाठ लागली की दम खायचे. तेवढ्यात पडलेल्या पोराचं तोंड बघून घ्यायचे, आणि मग काय बोलायचं ते ठरवायचे. एखाद्याला लई लागलेलं असलं तर त्याचं नावच घ्यायचे न्हाईत, थेट पुढची जोड पुकारायचे."

 प्रसेनजीतनं खुर्ची जरा जवळ ओढली.

"आई, थांब की, तुला एक गंमत दावतो." अमरसिंहानं कीबोर्ड पुढं ओढला, एका बोटानं काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं.

"अंबूबाई! कशी हायस? जेवलीस का?"

तिनं पदर तोंडाशी धरला. पोरांना वाटलं, गहिवरली. तिला मात्र भरल्या मैदानात कुणीतरी डोक्यावरचा पदर ओढल्यागत झालं होतं. पाच हजार माणसं वळून बघतायत असं वाटलं.

"नाव घेतलं," ती पुटपुटली.

"आवडलं?"

"त्यांनी कवा घेतलं न्हवतं रं."

अमरसिंहाची बोटं कीबोर्डावर तशीच राहिली. घरात जन्म काढून ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती.

तिनं मग धीर केला. "प्रसेनजीत, जरा बारीक आवाजात करता येतंय काय? घरातल्यावानी?"

त्यानं आवाज कमी केला. "हे लांबनं वरडल्यावानी वाटतंय," ती म्हणाली. "जवळ बसून हळू बोलल्यावानी पायजे." त्यानं कसल्या कसल्या पट्ट्या इकडंतिकडं सरकवल्या. एकदा तो आवाज सिनेमातल्या चोरागत कुजबुजला, एकदा नाटकातल्या म्हाताऱ्यागत घोगरा झाला. 'जेवलीस का' हे दोन शब्द इतक्या तऱ्हांनी ऐकून झाले की तिला खरंच भूक नाहीशी झाल्यागत वाटलं. खाकरायला लावलं तर मशिननं 'खॉ खॉ' असं अक्षर अक्षर वाचलं.

शेवटी प्रसेनजीतनं हात मांडीवर ठेवले. "काकू, खरं सांगतो. ऐकवलं तेवढंच हाय त्याच्याकडं. आम्ही मैदानंच ऐकवली. न ऐकलेलं ते जुळवून बघतंय, आणि ते असं व्हतंय. घरातलं एखादं रेकॉर्डिंग असलं तर बघूया. मिनिटभर असलं तरी चालंल."

अमरसिंहानं मोबाइल चाळला. बारसं, गाडीची पूजा, नातीचा वाढदिवस. वाढदिवसाच्या व्हिडिओत गणपतराव कोपऱ्यात पाटावर बसले होते, नातीच्या कानात काहीतरी सांगत होते, ओठ हलताना दिसत होते. अंबूबाई पडद्यावर वाकली. तेवढ्यात त्यांचं लक्ष मोबाइलकडं गेलं. ते उठले, टोपी सारखी केली आणि हात वर करून गरजले, "ऐका, मंडळी ऐका! आजची मानाची कुस्ती, मेणबत्तीविरुद्ध..." व्हिडिओत सगळे खदखदून हसले. इथं प्रसेनजीतही हसला आणि लगेच थांबला.

सगळे व्हिडिओ तसेच निघाले. मोबाइल समोर आला की गणपतराव घरी नसायचेच, मैदानात उभे असायचे. घरातल्या गणपतरावांचा एक शब्द कुठं उरलेला नव्हता.

"इचार करून सांगतो," म्हणून अंबूबाई उठली. नानकटाई तिनं नातीसाठी रुमालात बांधून घेतली.

हे इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अमरसिंह मुलगा चांगला होता, आणि चांगल्या मुलांना स्वस्थ बसवत नाही. आईला पटलं नाही ते म्हशीला पटेल असं त्याच्या डोक्यानं घेतलं. प्रसेनजीतकडून त्यानं मोबाइलवर ते मशिन उघडून घेतलं, आबा म्हणत असतील असं वाटलं ते लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपती मंडळाचा स्पीकर घेऊन गोठ्याच्या मागं जाऊन बसला. आईला सांगितलं नाही. तिला आनंदानं चकित करायचं होतं.

अंबूबाईनं चरवी गुडघ्यांत धरली, कासेला पाण्याचा हात लावला.

"काजळे! हो बाई हो! सोड पान्हा!"

सगळा गोठा दणाणला. काजळीनं एक लाथ अशी घातली की चरवी थेट गव्हाणीत गेली. दावं तुटलं, रेडकू एकीकडं, म्हैस एकीकडं. कुंपण पाडून काजळी चिमणाबाईच्या मेथीच्या वाफ्यात शिरली आणि मागून आवाज तिला हुरूप देतच राहिला, "सोड पान्हा! सोड पान्हा!"

चिमणाबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आली. "गणपतराव आलं काय गं?" ती ओरडली. आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकून तिनं उलथनं तोंडावर धरलं.

अमरसिंहानं कसंबसं बटण दाबून स्पीकर बंद केला.  चिमणाबाईच्या जिभेलाही त्या दिवशी काही सापडलं नाही. तिनं मेथीतून म्हैस हाकलून आणून दिली आणि तुटलेल्या दाव्याला गाठ मारली.

"मला म्हणून केलास की म्हशीला म्हणून?" अंबूबाईनं विचारलं. मातीवर बसलेली होती ती, उठली नव्हती.

अमरसिंह खाली बघत होता. "दोघींस्नी. वाटलं, बरं वाटंल."

"आता बास कर, लेकरा." ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "मी त्यांचं खाकरणं आठवून आठवून धरून ठेवालो हुतो. थोडं थोडं येत हुतं. काल त्या हापिसातनं आल्यापासनं डोळं मिटलं की ते मशिन मधीच माझं नाव घेऊन वरडतंय. हुतं तेवढं बी झाकून टाकलं त्यानं."

अमरसिंहाचा चेहरा उतरला. त्यानं तिथंच मोबाइल काढला, भराभरा बोटं फिरवली. "पुसलं आई. समदं पुसलं."

"मोबाइलमधलं पुसलंस," ती म्हणाली.

रविवारी तिनं प्रसेनजीतला बोलावून घेतलं. तो आला, गोठ्याबाहेर चपला काढल्या. झाला प्रकार त्याला कळला होता. तो काही बोलायच्या आत तिनं हात वर केला.

"गेमला माझी ना न्हाई. मैदानाचा आवाज मैदानाचाच हुता, कवाच माझा न्हवता. खेळू देत पोरं. पर घरातलं काय बी त्याच्या तोंडी घालायचं न्हाई. माझं नाव न्हाई, जेवलीस का न्हाई, कायच न्हाई."

"लिहून देतो, काकू."

"लिवून नगं. ध्यानात ठेव." मग ती म्हणाली, "आणि जमलं तर पाठ लागल्यावर त्याला दम खाऊ दे."

प्रसेनजीतचा चेहरा उजळला. हे करता येण्यासारखं होतं. "किती वेळ?"

"किती म्हंजे?"

"किती सेकंद ते सांगावं लागतंय त्याला."

अंबूबाई विचारात पडली. "ते पडलेल्या पोराच्या तोंडावर हाय, बाबा."

"तोंड बघून काय वाटतंय, ते कळत न्हाई त्याला, काकू," तो हळूच म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे."

जाताना तो गोठ्याकडं वळून बघत गेला. अंबूबाईच्या हिशेबात या पोराची बाजू आता बरीच जड झाली होती. पण त्यानं मनातलं काही हलकं झालं नाही.

त्यानंतर अमरसिंह धारेच्या वेळी गोठ्याकडं फिरकेनासा झाला. कामावरून येऊन मुद्दाम चौकात थांबायचा. अंबूबाई एकटीच बसायची. तिनं एकदोनदा गणपतरावांसारखं गुणगुणून बघितलं. चाल थोडी जमायची, पण पुढं शब्द नव्हते. ते भिंतीपलीकडंच राहिले होते आणि जाणारा ते घेऊन गेला होता. काजळी कान हलवायची, जरा वाट बघायची आणि परत रवंथ करायला लागायची. म्हशीलाही नक्कल कळते, हे अंबूबाईनं मान्य केलं.

गुळाची गाडी गल्लीतून गेली त्या संध्याकाळची गोष्ट. हवेत गोडसर वास होता. ती कासेशी बसली होती, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलेलं. हात नुसते ठेवलेले, ओढायचंही सोडून दिलेलं. मनात तेच चाललेलं, दारातला माणूस आठवायचा आणि मध्येच ते 'अंबूबाई!' ऐकायचं.

आणि गोठ्याच्या दारात कुणीतरी खाकरलं.

दोनदा. दुसरं अर्धं गिळलेलं.

अंबूबाईचं कपाळ म्हशीच्या पोटावरून उचललं गेलं. काजळीनं रवंथ थांबवलं, मान उचलली, दोन्ही कान दाराकडं फिरवले. आणि अंबूबाईच्या बोटांना कळलं की सड आतून भरत आले आहेत, गरम, टरटरून. न ओढता पहिली धार तिच्या मनगटावर आली.

तिनं वळून बघितलं नाही. जितका वेळ वळलं नाही तितका वेळ दारात ते होते.

"आई," दारातून अमरसिंह म्हणाला. आवाज अपराधी. "वैरण टाकू काय? की जाऊ?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. शरमलेला माणूस दारात यायच्या आधी खाकरतो, तसा तो खाकरला होता. आपल्या गळ्यात कोण बसलंय याचा त्याला पत्ता नव्हता, आणि इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवूनखाऊन तिलाही नव्हता.

परत एकदा कर, असं तिच्या अगदी ओठावर आलं. तो करेल, दहा वेळा करेल, मोबाइलमध्ये भरूनही देईल, गुणाचं पोर ते. पण मागून मिळालेलं खाकरणं तिनं त्या माडीवर ऐकलं होतं. शिवाय सांगितलं की त्याला कळणार, आणि कळलं की तो पुन्हा कधी नुसता खाकरणार नाही, आबांसारखं खाकरेल.

"टाक वैरण," ती म्हणाली. "आणि हितंच थांब जरा. बोलू नगं."

तो गव्हाणीपाशी वाकून उभा राहिला. चरवीच्या तळाला धारा वाजायला लागल्या, मग दुधात दूध पडल्याचा मऊ आवाज यायला लागला. काजळीचे कान अजून दाराकडंच होते. तिथं आता कुणी नव्हतं.

दोन्ही हात गुंतलेले, म्हणून अंबूबाईनं डोळे आपल्या खांद्यालाच पुसले.